मुका संगणक बोलता करताना

(दृष्टिहीनांच्या घरातील संगणक या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



दृष्टिहीन माणसाच्या घरी दूरचित्रवाणी कशाला हवी, असा प्रश्न आजही सहजपणे विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु ज्याच्याविषयी तो विचारला जातो तो गृहस्थ क्रिकेटचे समालोचन ऐकत असतो, नाट्यपदांत रमत असतो, मालिकेतील सासू-सुनांच्या भांडणावर घरातल्यांच्या बरोबरीने हिरिरीने मत देत असतो, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिविषयक अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. इतक्या मोठ्या समुदायाच्या करमणुकीचा आणि ज्ञानाचा प्रश्न 'त्यांना काय दिसणार' या एका वाक्याने निकालात काढणे समाजाला शोभणारे नाही.

वस्तुतः अडचण पाहण्याची नसून निवडण्याची आहे. बहुतेक सेट-टॉप बॉक्स आपली यादी पडद्यावर उमटवतात, वाचून दाखवत नाहीत. मग वाहिन्यांचे क्रमांक पाठ करायचे, आणि वितरकाने ते बदलले की पाठांतर पाण्यात! जुनी नाट्यगीते पेनड्राइव्हमध्ये भरून दिलेली असतात. पण त्यातील हवे ते पद लावायचे तर घरातील कोणाला तरी हाक मारावी लागते. साठीच्या माणसाने एका गाण्यासाठी नातवाची मनधरणी करावी, यात परावलंबनाचे जे शल्य आहे ते डोळसांना सहसा कळत नाही. म्हणूनच दूरचित्रवाणी संचाला जोडलेला, बोलणारा संगणक ही चैन नव्हे.

तो आता आवाक्यातही आला आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी अशी चांगली आज्ञावली म्हणजे संगणकाहूनही महाग प्रकरण असे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' या आज्ञावलीचे काम हाती घेतले आणि जेम्स टेह हा त्याचा मित्र त्याला येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन; त्यांची ओळख लहानपणी संगीत शिबिरात झालेली. डोळस माणसाला पडदा फुकट दिसतो, तर आंधळ्याने त्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत, असा हा रोकडा सवाल होता. त्यांची आज्ञावली आजही विनामूल्य आहे आणि तिच्याबरोबर येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही वाचतो. तो आवाज यांत्रिक आहे, पहिले दोन दिवस कानाला बोचतो, हे खरे. परंतु सराव झालेले लोक तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळू नये.

राहिला प्रश्न यंत्राचा. कंपन्या दर काही वर्षांनी आपले संगणक बदलतात आणि ते लहान, दणकट डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत निम्म्याहून कमी किमतीत येतात. गाणी, चित्रपट आणि पुस्तके यांसाठी ८ जीबी स्मरणशक्ती आणि एसएसडी असलेले असे यंत्र पुरेसे आहे. मात्र एक पथ्य पाळावे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना घेत नाही. दुकानदार सहाव्या पिढीचे यंत्र 'एकदम नवीन' म्हणून पुढे करतो, तेव्हा पिढी विचारावी. त्याहून जुने यंत्र फुकटात पदरी पडले असेल, तर त्यावर लिनक्स आणि त्यातील 'ऑर्का' हा वाचक वापरता येतो. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालतो. तेव्हा तो खिशात घालून दुकानात जावे आणि ग्राहकाने स्वतःच्या कानांनी यंत्र पारखून घ्यावे.

खरी कसोटी त्यानंतर आहे. कळ दाबल्यापासून पहिला शब्द ऐकू येईपर्यंतचा जो काळ, तो दृष्टिहीनाच्या दृष्टीने मुका काळ होय. जुन्या हार्ड डिस्कची टिकटिक निदान 'काम चालू आहे' एवढे सांगत असे. एसएसडीने तोही आधार काढून घेतला! संगणकाच्या मुळाशी असलेली बायोस नावाची व्यवस्था सहसा बोलत नाही. जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली की तारीख-वेळ पुसली जाते, पडद्यावर इशारा येतो आणि कोणीतरी एफ-वन दाबेपर्यंत यंत्र थांबून राहते. डोळसाला ही दोन सेकंदांची गोष्ट. दृष्टिहीनाला मात्र संगणक बिघडला असेच वाटते आणि तो दुरुस्तीवाल्याची वाट पाहत बसतो. तेव्हा सीआर-२०३२ ही अल्प किमतीची बॅटरी खरेदीच्या दिवशीच बदलून घ्यावी. वीज गेली आणि परत आली की यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशीही सोय बायोसमध्ये बहुधा असते. हे काम डोळस माणसाकडून एकदाच, पण शेजारी बसून, करून घ्यावे.

पुढची स्थापना मात्र दृष्टिहीन माणूस स्वतः करू शकतो, ही बाब पुष्कळ दुकानदारांनाही ठाऊक नसते. विंडोजची स्थापना सुरू झाल्यावर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की 'नॅरेटर' बोलू लागतो. उबुंटूमध्ये ऑल्ट, विंडोज आणि एस या कळा ऑर्काला जागे करतात. डेबियन या लिनक्सच्या कर्त्यांनी तर याहून अधिक विचार केला आहे. त्याची चकती तयार झाली की बीप असा आवाज होतो. एस दाबून एंटर केले की बोलणारी स्थापना सुरू होते. आणि काही वेळ कोणतीच कळ दाबली गेली नाही, तर पुढच्या माणसाला पडदा दिसत नसावा असे गृहीत धरून ती आपणहून बोलू लागते. एवढे सौजन्य माणसांमध्येही विरळाच!

यानंतर सर्वाधिक घोटाळा होतो तो आवाजाच्या वाटेचा. एचडीएमआय या एकाच तारेतून चित्र आणि ध्वनी दोन्ही दूरचित्रवाणी संचाकडे जातात. संच बंद असला, किंवा घरातील कोणी तो दुसऱ्या जोडणीवर नेऊन ठेवला, तर चित्रपटाबरोबर वाचकाचा आवाजही गडप होतो. डोळसाचा आवाज गेला तरी पडदा उरतो. येथे मात्र आवाज हाच पडदा आहे. त्यावर उपाय स्वस्त आहे. यूएसबीला जोडायचे छोटे साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते. एनव्हीडीएच्या मांडणीत वाचकाचा आवाज कोणत्या उपकरणातून यावा हे स्वतंत्रपणे ठरवता येते. चित्रपटाचा ध्वनी संचातून आणि वाचकाचा आवाज त्या कार्डाला जोडलेल्या, एकाच कानात घातलेल्या इअरफोनमधून, अशी विभागणी केली की संच बंद असतानाही संगणक हाताशी राहतो. शिवाय घरातील इतरांना नायकाच्या संवादांच्या मध्येच 'व्हॉल्यूम पासष्ट टक्के' हे ऐकावे लागत नाही. कौटुंबिक शांततेच्या दृष्टीने याचे महत्त्व थोडके नव्हे. फक्त भ्रमणध्वनी चार्ज करण्यासाठी ते कार्ड कोणी उपटू नये, अशी ताकीद घरात देऊन ठेवावी.

कळफलक बिनतारी घ्यावा, पण आकड्यांचा स्वतंत्र चौकोन असलेला. कारण एनव्हीडीएच्या पुष्कळ आज्ञा तेथेच आहेत. एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतातच. आणखी दोन-चार महत्त्वाच्या कळांवर नखांच्या रंगाचा थेंब वाळवून ठेवला की बोटांना खूण पटते.

'कोडी' ही प्रसिद्ध माध्यम-आज्ञावली २०१४ पर्यंत 'एक्सबीएमसी' या नावाने ओळखली जाई. ती देखणी आहे खरी; पण आपला पडदा ती स्वतःच रंगवते आणि नेहमीच्या वाचकाला तेथे काहीच हाती लागत नाही. तिच्यासाठी वेगळी बोलणारी जोड बसवावी लागते. अनुभवी लोक या फंदात पडत नाहीत. साधे कप्पे आणि व्हीएलसी एवढ्यावर त्यांचे उत्तम भागते. स्पेसने थांबवणे, पुन्हा स्पेसने चालू करणे, एस्केपने बाहेर येणे. या अल्पविद्येवर सारा संग्रह उलगडतो.

तो संग्रहही आता गाण्यांपुरता राहिलेला नाही. मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला अनुमोदन देणारा भारत हा पहिला देश ठरला. त्यामुळे दृष्टिहीनांसाठी पुस्तकांची सुगम आवृत्ती काढताना स्वामित्वहक्काचा अडसर दूर होण्यास बळ मिळाले. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे आंतरजालावरील ग्रंथालय सुरू झाले. चित्रपटांतील मूक प्रसंगांचे वर्णन करणारी ध्वनिपट्टी काही चित्रपटांना मिळू लागली आहे. मराठीत मात्र ती अद्याप दुर्मिळ आहे आणि निर्मात्यांनी तिकडे लक्ष पुरवायला हवे.

एक सूचना मराठीपुरती. पूर्वी विविध संस्थांच्या खासगी फाँटमध्ये टंकलेल्या गीतांच्या याद्या आणि लेख डोळ्यांना सुबक मराठी दिसतात, पण वाचकाला त्या इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रास वाटतात. मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतल्याविना त्या बोलत नाहीत. फायलींची नावेही 'ट्रॅक शून्य सात' अशी न ठेवता युनिकोड देवनागरीत, गायक आणि पहिल्या ओळीसह लिहावीत. ज्याचा संग्रह त्यालाच हे काम करू द्यावे. वेळ अधिक लागेल, चार चुका होतील. पण 'पहाट' या कप्प्यात कोणते पद ठेवायचे आणि 'पावसाळा' या कप्प्यात कोणते, हे नातवाला ठरवता येणार नाही.