जोडीने शिकावी मासेमारी

श्रोतेहो, आपल्या साक्री तालुक्यात पाण्याची नावं काही थोडी नाहीत. पांझरा, कान, जामखेली, बुराई या नद्या आहेत. लाटीपाडा, मालनगाव, जामखेली, अक्कलपाडा ही धरणं आहेत. पांझरेवर फडाचे जुने बंधारे आहेत. पण या पाण्यात मासे कोणकोणते, ते कुठे राहतात, काय खातात, असं घरातल्या पोरानं विचारलं, तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? भोई, भिल्ल, कोकणी मंडळींना ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी ते त्यांच्याकडून शिकायला हवं. ते कसं शिकावं, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी, की एकट्यानं जाऊ नका. नवरा-बायको जा, दोघं भाऊ जा, दोन मैत्रिणी जा, एका शाळेतले दोन शिक्षक जा. पण दोघं जा. दिवाळीनंतर पाणी निवळतं. तेव्हा पिंपळनेरकडून निघावं आणि पांझरेच्या काठाकाठानं खाली यावं. ही नदी पुढे धुळ्यावरून जाऊन तापीला मिळते. सगळी वाट एकाच खेपेत चालली पाहिजे असं नाही. सुटीचे दोन-तीन दिवस मिळाले, तरी पुष्कळ झाले. मुक्कामाच्या गावी विचारावं, "दादा, इथं गळ कोण टाकतं?" त्या माणसाच्या शेजारी तासभर गप्प बसून पाहावं. मग तोच सांगू लागतो.

सामान फार लागत नाही. आठ-दहा फुटांची बांबूची काठी, तंगूस, दोन-चार लहानमोठे गळ आणि शिशाचा एखादा मणी. तरंगायला ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा बोटभर तुकडा चालतो. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. तुकडा नुसता थरथरला, तर हिसका देऊ नका. मासा अजून चाखून पाहतो आहे. तुकडा खाली ओढला गेला, की मनगटानं काठी उचला.

आता गळ किती खोल सोडायचा? याचं उत्तर माशाच्या तोंडावर असतं, बरं का. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला असतं. तो तळाशी खातो. बाजारात हे तिन्ही मासे शेजारी शेजारी मांडलेले दिसले, तर दोघांनी उभं राहून नीट पाहावं. तिथं पाहिलेलं पुढे नदीवर उपयोगी पडतं.

जोडीदार कशाला, असं कोणी विचारील. एकाची नजर धांड्याच्या तुकड्यावर खिळली, की त्याला दुसरं काही दिसत नाही. म्हणून दुसऱ्यानं पाण्याकडे आणि आभाळाकडे पाहायचं. डोंगरात पाऊस झाला, तर खाली ऊन असतानाही नदी चढते. धरणातून पाणी सोडलं, तरी चढते. पाणी एकाएकी गढूळ झालं, काडीकचरा वाहू लागला, की सामान टाकून वर यावं. काठीपेक्षा जीव मोठा.

आणि ही पुढची गोष्ट घरी सर्वांना सांगा. जोडीदार पाण्यात पडला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. बुडणारा माणूस हाती येईल त्याला मिठी मारतो, आणि चांगला पोहणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. काठावर पालथं पडून काठी पुढे करावी. दोर फेकावा, साडी किंवा उपरणं फेकावं, बूच घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा. म्हणून वीस-पंचवीस हात दोर आणि असा एक डबा बरोबर असल्याशिवाय डोहावर जाऊच नये.

दुसरं शिक्षण असतं ते मासा सोडून देण्याचं. मरळ आपण सारे आवडीनं खातो. हा मासा हवा घ्यायला वर येतो. पावसाळ्यात कडेच्या उथळ पाण्यात तांबूस पिलांचा थवा वळवळताना दिसला, तर समजावं, की मरळ जवळच आहे. नर-मादी त्या पिलांची राखण करतात. ती पाहून गळ टाकला, तर मरळ सापडते खरी; पण राखण करणारं गेलं, की पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. एका कालवणासाठी सारा थवा जातो.

चढणीच्या माशांचंही असंच आहे. पहिल्या पुराला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि त्यांच्या पोटात अंडी असतात. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात आपणहोऊन वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण करून दाखवली. आता तळ्यांना बीज मिळतं ते त्या विद्येमुळे. पण नदीच्या माशाला सुई टोचायला कोण जाणार? त्याची वीण आपणच राखली पाहिजे.

चिलापी मात्र खुशाल धरा. हा आफ्रिकेचा मासा 1952 साली आपल्या देशात आणला गेला. तो फार लवकर वाढतो आणि इतर माशांच्या खाण्यात वाटेकरी होतो. नवशिक्याचा हात बसायलाही तो बरा.

धरणाच्या पाण्यात गळ टाकण्याआधी चौकशी करा. तिथली मासेमारी बहुधा ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते, आणि त्यावर कित्येक घरं चालतात. परवानगी मागितली, तर तिथंच एखादा गुरूही भेटतो. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं हा 1897 सालच्या कायद्यानंच गुन्हा ठरवला. विषानं बोटभर पिल्लूही मरतं, आणि तेच पाणी गुरं पितात.

शिक्षकबंधूंनो, शिक्षकभगिनींनो, परत आल्यावर एक वही करा. तारीख, जागा, पाणी गढूळ की नितळ, मासा कोणता, आमिष कोणतं, एवढं लिहा. माशाचं नाव मराठीत लिहाच, पण अहिराणीत, कोकणीत, भिलांच्या बोलीत काय म्हणतात, तेही मुलांना घरी विचारून आणायला सांगा. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी वर्गाला शिकवील.

श्रोतेहो, फडाचं पाणी आपल्याकडे शेकडो वर्षं नियमानं वाटून घेतलं गेलं. वरच्यानं सारं अडवलं, तर खालच्याचं शेत वाळतं, हे आपल्या वाडवडिलांना पक्कं ठाऊक होतं. माशांचंही तसंच आहे. दोघं जा, दोघांपुरते मासे आणा, आणि राखणीवरची मरळ दिसली, तर गळ गुंडाळून पुढच्या डोहावर जा.