बाराशेचे शहाण्णवशे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू त्या रेडिओच्या डब्यात एवढं काय करतोस बाप्पा?" असे सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारले. दहा मिनिटे मिळाली आहेत, तर तेच सांगतो. विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, म्हणून जरा जपूनच बोलतो.

हॅम रेडिओवरून बोलता येते, तसा मजकूरही पाठवता येतो. मजकुराचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची खूण लिहायची, तपासणीचा आकडा जोडायचा आणि हवेत सोडायचे. तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. हा पॅकेट रेडिओ. संगणक आणि रेडिओ यांच्यामधली पेटी म्हणजे मोडेम.

जुना मोडेम सेकंदाला १२०० बिट पाठवतो. १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन शिट्ट्या, एवढीच त्याची भाषा. इंग्रजी अक्षराला आठ बिट धरले, तर सेकंदाला १५० अक्षरे होतात. आपल्या देवनागरीला मात्र संगणकाच्या आजच्या रूढ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे मराठीची गाडी सेकंदाला ५० चिन्हांवर येते. म्हणून वेग वाढवावासा वाटतो.

१९८८ मध्ये जेम्स मिलर या इंग्रज हौशी रेडिओकाराने ९६०० बिटांच्या मोडेमची रचना प्रसिद्ध केली. पण तो मोडेम आणून जुन्याच्या जागी जोडला की काम झाले, असे होत नाही. शिट्ट्या माइकच्या वाटेने जातात आणि स्पीकरच्या वाटेने येतात. ९६०० चा संकेत त्या वाटांनी गेला तर ओळखू येत नाही, कारण त्या वाटा माणसाच्या आवाजासाठी घडवलेल्या असतात. खोल आणि उंच स्वर तिथे कापले जातात. म्हणून सेट उघडावा लागतो. आलेला संकेत आवाजाच्या गाळण्यांच्या आधी, डिस्क्रिमिनेटरपाशीच घ्यायचा. जाणारा संकेत माइकला वळसा घालून थेट व्हॅरॅक्टर डायोडला द्यायचा. दोन तारा, पण जागा अचूक हवी. पुढे काही कंपन्यांनी सेटच्या मागेच त्यासाठी सहा पिनांचे सॉकेट दिले.

आता गंमत पाहा. २५६ बाइटांच्या तुकड्याला १२०० वर १.७ सेकंद लागतात, ९६०० वर ०.२. पण बटण दाबल्यावर सेट स्थिर व्हायला ०.३ सेकंद धरा. मग बेरीज होते २.० आणि ०.५. मोडेम आठपट, फायदा चौपट! बैल बदलला तरी बंडी तीच. शिवाय वेगाला जोरकस, स्वच्छ संकेत लागतो. दूरच्या क्षीण संकेतावर १२०० वालाच टिकतो. म्हणून मी दोन्ही ठेवतो.

हे सगळे कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोपांची ने-आण केली. अशा वेळी मोबाइलचा मनोराच पडला, तर हातातला फोन नुसता दिवा. गावाचे नाव, जखमींची संख्या, हवा असलेला रक्तगट, एवढा निरोप १२०० वरही काही सेकंदांत जातो. पूर काय करतो, हे पेढी आणि पूर्णेच्या काठच्यांना मी सांगायला नको.

आणि हे काम फक्त मोठ्यांचे नाही. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी सोडला. हॅम मंडळींचे असेच निरोप पोहोचवणे, हा त्याचा हेतू होता. ती पोरे काही आभाळातून पडली नव्हती. कोणत्या तरी शाळेच्या प्रयोगशाळेतूनच गेली होती.

हॅम परवान्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, म्हणजे आपल्या शाळेतल्या सातवीच्या मुलालाही. माझ्याकडचा एक सेट आणि १२०० चा मोडेम मी शाळेला देतो आहे. परवाना मिळेपर्यंत मुलांनी तो फक्त ऐकण्यासाठी वापरावा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी अमरावतीहून येईन आणि परीक्षेची तयारी करून घेईन. मला फक्त प्रयोगशाळेची किल्ली आणि पाच-सहा पोट्टे-पोट्टी हवेत. ९६०० चे ते स्वतः करतील, याची मला खात्री आहे.