गणितातील सिद्धान्त : फडाचे पाणी आणि भास्कराचार्य

चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, हे तेथील 1207 सालच्या शिलालेखामुळे खानदेशातील श्रोत्यांना ठाऊकच आहे. परंतु आचार्यांच्या नावाचा जेवढा अभिमान बाळगला जातो, तेवढी त्यांच्या गणिताची आतील जुळणी पाहिली जात नाही, ही खेदाची गोष्ट होय.

गणितात सिद्धान्त म्हणजे एखादे सूत्र नव्हे, किंवा पुढे प्रयोगाने खरा-खोटा ठरणारा अंदाजही नव्हे. गृहीतके, म्हणजे सिद्धतेवाचून आरंभी स्वीकारलेली विधाने, आणि त्यांपासून तर्काने निघून एकमेकांना आधार देणारी प्रमेये, यांची एकसंध रचना म्हणजे सिद्धान्त. पांझरा नदीवरील फड सिंचन पद्धतीत बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून प्रत्येक शेतात केवळ उताराने पोहोचते. त्यातील बंधारा म्हणजे गृहीतके, पाट म्हणजे सिद्धता आणि शेते म्हणजे प्रमेये. घागरीने एखादे वावर भिजवता येईल, पण तेवढ्याने फड उभा राहत नाही. आणि पाट वर फुटला की खालची सगळी शेते कोरडी पडतात.

61 ने गुणून 1 मिळवल्यावर पुन्हा वर्गच येईल असा शून्याखेरीज वर्ग कोणता, या प्रश्नाचे 22,61,53,980 हे सर्वांत लहान मूळ भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘बीजगणिता’त आहे. शाळेच्या वर्गात हा आकडा कौतुकाने सांगितला जातो आणि विषय तेथेच संपवला जातो. शिक्षकांनी हे थांबवावे. आकडा हे एक शेत आहे. दोन उत्तरांपासून तिसरे घडवणारी ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ (628) आणि तिच्यावर उभी असलेली, फेऱ्याफेऱ्यांनी उत्तर गाठणारी चक्रवाल पद्धत हे पाट आहेत. 61 च्या जागी वर्ग नसलेली कोणतीही पूर्ण संख्या घेतली तरी उत्तर असतेच, हे 18व्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले, तेव्हा सर्व शेतांना पाणी पोहोचल्याची खात्री झाली. पुन्हा सांगणे भाग आहे की, उत्तर म्हणजे सिद्धान्त नव्हे.

चक्रवालाची प्रत्येक फेरी उलगडण्याइतका वेळ येथे नाही. तथापि 61 ऐवजी 2 घेऊन कागद-पेन्सिलीने एवढे करावे : 2 च्या वर्गाची दुप्पट अधिक 1 म्हणजे 3 चा वर्ग. आता भावनेने, हेच उत्तर दोनदा घेऊन, 2 व 3 यांच्या गुणाकाराची दुप्पट 12, तर 3 चा वर्ग अधिक 2 च्या वर्गाची दुप्पट 17. आणि 12 च्या वर्गाची दुप्पट अधिक 1 हा 17 चाच वर्ग निघतो. तो का निघतो, हे मुलांना विचारावे.