मनोराज्य

कचेरीत एखाद्याने नवी योजना मांडली, की टिपणीच्या कडेला पुष्कळदा शेरा पडतो : ‘हे निव्वळ मनोराज्य आहे.’ शेरा मारणाऱ्यास वाटते, आपण विवेक दाखविला. तथापि तो शब्द त्याने पारखून घेतलेला असतोच असे नाही.

या अर्थाच्या शब्दांची मराठीत वाण नाही. आपण मनात मांडे खातो, हवेत इमले बांधतो, मनोराज्यात रमतो. आमच्या रायपूरकडील मराठी घरांत तर हिंदीतला ‘खयाली पुलाव’ही यांच्या पंगतीस येऊन बसला आहे. हे सारे समानार्थी मानण्याचा प्रघात आहे. मला तो मान्य नाही. मांडा हा काही अशक्य पदार्थ नव्हे. कणीक तलम करून, हातावर वाढवीत नेऊन, उपड्या खापरावर भाजणारी सुगरण भेटली की तो पानात पडतो. मनात मांडे खाणाऱ्याचे उणे इतकेच, की त्याच्यापाशी साहित्य नाही. इमलेवाल्यास मुळी पायाच नाही. मनोराज्याची गोष्ट निराळी. त्यात राज्य आहे. म्हणजे प्रजा आली, व्यवस्था आली, आज्ञाही आली.

पंचतंत्रातला तो ब्राह्मण आठवा. सातूच्या पिठाचा घडा खुंटीस टांगून तो खाली पहुडला. पिठाच्या शेळ्या झाल्या, शेळ्यांच्या गाई झाल्या. पुढे घर, बायको, सोमशर्मा नावाचा मुलगा. इथवर घडा शाबूत होता. बायको हाक ऐकत नाही म्हणून त्याने लाथ झाडली, तेव्हा तो फुटला. म्हणजे कल्पनेने काहीच बिघडले नव्हते, हुकमत गाजवू लागताच बिघडले!

आता आमच्या मुलखातले उदाहरण घ्या. इ. स. १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्रा या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक, वामन बळीराम लाखे प्रकाशक, तिघेही मराठी. जवळ ना भांडवल, ना वाचकवर्ग. १९०२ अखेर मासिक बंद पडले. जमाखर्चाच्या वहीपुरते पाहिले तर याहून स्वच्छ मनोराज्य सापडणार नाही. परंतु याच मासिकात १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली, आणि हिंदीच्या अगदी पहिल्या कथांत आज तिची गणना होते. पुढे याच सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले.

आणि शब्दशः राज्याचेच म्हणाल, तर १९५६ साली डॉ. खूबचंद बघेल यांनी राजनांदगावी छत्तीसगढ महासभा स्थापिली. वेगळ्या छत्तीसगढचे ते स्वप्न पाहायला ते उरले नाहीत. १९६९ साली ते वारले. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. टिपणीच्या कडेला शेरे इथेही पडतातच. पण ज्या कागदावर ते पडतात, त्याच्या माथ्यावर छत्तीसगढ शासन असे छापलेले असते.