वाळवंटातील कोजागरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी आमची निवड झाली, त्यात आमच्या वक्तृत्वापेक्षा आमच्या वयाचा आणि घरापासून दूर या मुलखात काढलेल्या वर्षांचाच वाटा अधिक असावा. केंद्र सरकारच्या नोकरीत माणूस भाषणापेक्षा टिपणे लिहिण्यात तरबेज होतो. तेव्हा जे सांगावयाचे, ते टिपणासारखेच क्रमवार सांगतो. विषय आहे काही वर्षांपूर्वी मंडळाने जैसलमेरच्या वाळूत उंटांवरून काढलेली कोजागरीची सहल. त्या रात्री काय घडले, हे तेव्हा बरोबर असलेल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची एक गोष्ट मात्र केवळ आम्हांसच ठाऊक आहे. ती आज आपल्यापुढे ठेवावी असे मनात आहे.

सहलीची आखणी आमच्याकडे होती. जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० कि.मी.वर सम येथील वाळूच्या टेकड्या प्रसिद्ध आहेत. परंतु तेथे तंबूंच्या वसाहती, ध्वनिवर्धक आणि जिपांची वर्दळ फार. म्हणून आम्ही नैर्ऋत्येकडील खुडी हे गाव पसंत केले. हा सारा मरु राष्ट्रीय उद्यानाचा परिसर. त्याचा विस्तार ३१६२ चौ.कि.मी. सोलापूरकरांना नान्नजमुळे परिचित असलेला माळढोक येथे ‘गोडावण’ या नावाने ओळखला जातो आणि याच प्रदेशात कसाबसा तग धरून आहे.

उंटांच्या भाड्याची बोलणी साठीच्या घरातील एका उंटवाल्याशी झाली. सर्व ठरल्यावर तो म्हणाला, “साहेब, बरोबर लेकरे आहेत. रात्री जागण्यासाठी एक माणूस वेगळा घ्या. तीनशे रुपये द्या त्याला.” आम्ही हसून म्हणालो, “अहो, आमची कोजागरी आहे. आम्ही तीस माणसे जागणारच आहोत!” म्हाताऱ्याने पुन्हा आग्रह केला नाही. आम्ही तीनशे रुपये वाचविले आणि त्याबद्दल मंडळाच्या बैठकीत शाबासकीही मिळविली.

दुपार कलल्यावर आपण निघालो. उंटावर बसणे सोपे. कसोटी असते तो उठतो तेव्हा. तो आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे कलंडतो. मग पुढचे पाय उभे राहिले की तितकाच मागे. आमच्या बरोबरच्या एका वहिनींनी त्या दोन क्षणांत जेवढ्या देवांची नावे घेतली, तेवढी आम्हांस आजही येत नाहीत. उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो, म्हणून स्वार होडीत बसल्यासारखा डुलत राहतो. वाशिंडात पाणी असते ही आमच्या शाळेतली समजूत उंटवाल्याने तेथेच मोडीत काढली. वाशिंडात असते चरबी. आणि तहानलेला उंट एका बैठकीस शंभर लिटर पाणीसुद्धा रिचवितो.

वाटेत खेजडीची झाडे लागली. खेजडी म्हणजे आपली शमी. पाच दिवसांपूर्वीच दसऱ्याला जिचे स्मरण केले, ती येथे उंट-शेळ्यांना पाला, माणसांना सांगरीची भाजी आणि सर्वांना सावली देत उभी असलेली पाहून मंडळींना घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

चंद्र उगवला. बायकांनी भोंडला केला, चुलीवर केशर-वेलदोड्यांचे दूध आटले, गाणी झाली. दिवसा तापलेली वाळू रात्री किती लवकर गार होते, याचा अनुभव सर्वांनी घेतला. आणि मध्यरात्रीच्या सुमारास लक्षात आले की, आपल्याच एका सभासदांचा नऊ वर्षांचा मुलगा जागेवर नाही. आईस वाटले तो बाबांजवळ आहे; वडिलांस वाटले तो मुलांत निजला आहे. तीस माणसे जागी होती, आणि ती सर्व चंद्राकडे पाहत होती.

मग जे व्हावयाचे तेच झाले. जो तो विजेरी घेऊन हाका मारीत वाटेल त्या दिशेस धावू लागला. तेवढ्यात तो म्हातारा ओरडला, “कोणी हलू नका! आहात तेथेच बसा! तुम्ही लेकराची पावले पुसून टाकीत आहात!”

आपण सर्व बसलो. त्या मातेचे काय झाले असेल, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाही. म्हाताऱ्याने एकच विचारले, “पायांत काय होते?” काही नव्हते, पोर अनवाणी होते. त्याने आम्हांस बरोबर घेतले आणि आपण तुडविलेल्या जागेबाहेरून मोठा फेर धरला. चंद्र जवळजवळ डोक्यावर होता. अशा वेळी सावली पडत नाही, सारी वाळू सपाट दिसते आणि पाऊल दिसत नाही. म्हणून त्याने विजेरी जमिनीलगत आडवी धरली. त्या तिरप्या उजेडात उमटलेल्या प्रत्येक खळग्यास सावली आली. उंदराची पावले, भुंग्याची रेघ, आणि अखेर पाच चिमुकली बोटे.

या विद्येस या भागात ‘पग काढणे’ म्हणतात, आणि ती जाणणारा तो पागी. बनासकांठ्याच्या रणछोडदास पागींनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच विद्येच्या बळावर आपल्या सैन्यास साह्य केले, हे पुष्कळांनी वाचले असेल. आम्ही ती प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. “येथे थांबला,” म्हातारा सांगे. “येथे धावला. पुढे खोकड होते, हा त्याच्या मागे गेला. येथे त्यास वाट चुकल्याचे कळले.” त्यापुढे पावले वाकडी होत होत एक मोठे वर्तुळ काढू लागली होती. पहाटे वारा सुटतो, त्याच्या आत पोहोचावयास हवे, एवढेच तो एकदा बोलला. सुमारे दीड तासाने एका फोगाच्या झुडपाशी मुलगा सापडला. रडून रडून निजला होता. म्हाताऱ्याने आपली घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली आणि त्यास खांद्यावर घेतले.

परतताना आम्हांस राहवले नाही. विचारले, “रात्री जागण्यासाठी कोणास आणणार होता?”

“माझ्या मुलास,” तो म्हणाला. “उंटांत आता पोट भरत नाही म्हणतो. परवा गुजरातेत कामास जाणार आहे. एक रात्र बरोबर असता, तर पग कसा काढतात हे थोडे दाखविले असते.”

त्यास आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर आम्ही आकडे पाहिले. पशुगणनेनुसार २०१२ साली देशात सुमारे ४ लक्ष उंट होते. २०१९ साली ते सुमारे अडीच लक्ष उरले. राजस्थानाने २०१४ साली उंटास राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ साली त्याच्या कत्तलीवर व परराज्यांत नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे गिऱ्हाईक आटले आणि भाव पडले, असे उंट पाळणारे सांगतात. ओझ्यासाठी ट्रॅक्टर आले, प्रवासासाठी जिपा आल्या. उरली ती आपल्यासारख्या हौशी मंडळींची सहल. आणि तेथे आम्ही तीनशे रुपयांची घासाघीस केली.

सकाळी मुलाच्या वडिलांनी पाकीट पुढे केले. म्हाताऱ्याने त्यातून मोजून तीनशे रुपये घेतले. “रात्री जागलो, त्याचे घेतो,” तो म्हणाला. “लेकरू शोधल्याचे पैसे घेत नसतात.”

त्या वर्षीच्या मंडळाच्या हिशेबात सहलीच्या नावे थोडी शिल्लक दाखविली आहे आणि तिच्याबद्दल आमचे आभारही नोंदलेले आहेत. ते आभार आज आम्ही परत करतो. परप्रांतात राहणारी आपण माणसे आपले सण येथे जपतो, हे योग्यच आहे. आपल्या मुलांना आपली भाषा यावी म्हणून आपण किती धडपडतो! मग ज्याच्या अंगणात आपण कोजागरी मांडली, त्यालाही आपल्या मुलास काही शिकवावयाचे असेल, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते.

ज्यांना अशा सहलीस जावयाचे असेल, त्यांना दोन शब्द सांगतो. कोणी चुकले, तर धावू नका. आहात तेथे बसा आणि जाणत्यास पाहू द्या. मुलांनाही तेच शिकवा. आणि पुढच्या सहलीच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम रात्री जागणाऱ्या माणसाची लिहा. तेवढी एक दुरुस्ती आपण मान्य करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.