बावीसची हलकी रायफल : कुणी घ्यावी, कशी पारखावी?

हरभरा घाटे धरू लागला की ससे आणि रानडुकरे शिवारात उतरतात. मग "साहेब, एखादी हलकी बावीसची रायफल घ्यावी का?" असा प्रश्न हमखास येतो. पैसे मोडण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, तितर यांना संरक्षण आहे. आपल्याच बांधावर मारला, एअरगनने मारला, तरी ती शिकारच. त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. रानडुकरांचा उपद्रव असेल तर वनखात्याकडे अर्ज करा. लेखी परवानगी हाती आल्याशिवाय गोळी झाडू नका. नुकसान झाले की लगेच कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईला तोच आधार.

दुसरी गोष्ट परवान्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. बावीसची रायफल आहे ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, नेमबाजीच्या सरावासाठी. म्हणजे हौस असेल तर आधी क्लब, मग परवाना आणि शेवटी दुकान.

तिसरी गोष्ट गोळीची. ही गोळी साधारण अडीच ग्रॅमची, पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. दगडावर किंवा पाण्यावर आपटली की भलतीकडे उडते. पलीकडच्या रानात बाया खुरपत असतात, गुराखी असतो. ज्वारीच्या आड ते दिसत नाहीत. शिवाय एवढ्याशा गोळीने रानडुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते. तेव्हा राखणीला ही रायफल कामाची नाही.

आता चौथी, पारखण्याची. नवशिक्याने एकेक काडतूस भरायची, हाताने खटका ओढायची साधी रायफल घ्यावी. वजन अडीच-तीन किलो पुरे. फार हलकी असली तर नेम डळमळतो. दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवा. बोट चापापर्यंत सहज पोचले तर माप बरोबर. नळीतून उजेडाकडे पाहा. गंज किंवा खड्डे दिसले तर सोडून द्या. या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून वापरलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. रिकाम्या रायफलीचा चापही उगाच ओढू नये. पिन नळीच्या कडेवर आपटून खराब होते. घेण्यापूर्वी क्लबच्या मैदानावर कागदावर पाच गोळ्या झाडून पाहा. पाचही जवळजवळ पडल्या तर रायफल चांगली.

घरी रायफल एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा. किल्ली पोरांच्या हाती लागता कामा नये, बरं का!

बंधूंनो, पीक राखायला कुंपण, जागल आणि वेळेवर दिलेला अर्ज. रायफल मैदानावरच शोभते.