गाडीचा सेल्फ



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. जुन्या पिकअप गाडीचा स्टार्टर बदलणे हा काही इतिहासाच्या एम. ए.चा विषय नव्हे. पण मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. माझे थोरले बंधू निफाड तालुक्यात शेती करतात, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी या एवढ्याशा यंत्रापायी आमच्या घरावर जो प्रसंग आला, त्यामुळे मला ते समजून घ्यावे लागले. जे समजले ते आपल्यापैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढ्यासाठी हे बोलणे.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत या यंत्राला स्टार्टर फारसे कोणी म्हणत नाही, ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ मार’, ‘सेल्फ उचलत नाही’, ‘सेल्फ गेला’. हा शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’ यातून आला. म्हणजे आपले आपण सुरू होणारे. त्याच्या आधी गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. जुन्या जीपगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते हँडल आठवत असेल. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. म्हणून हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वळवून धरायचा नाही, हे जाणती माणसे पोरांना आधी शिकवीत.

या हँडलपासून माणसाची सुटका केली ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराने. शिक्षक मित्रांना सांगायला आनंद वाटतो, की हा गृहस्थ आधी शाळामास्तर होता. पुढे तो दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात लागला आणि तेथे त्याने विजेवर चालणारा गल्ला तयार केला. गल्ल्यातली मोटार दिवसभर फिरत नाही, क्षणभर फिरते आणि थांबते. अशा मोटारीवर क्षणभरापुरता तिच्या ऐपतीबाहेरचा भार टाकला तरी ती तो सोसते. हेच तत्त्व त्याने मोटारगाडीला लावले. १९११ साली त्याचा सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसून आला. यातला ‘क्षणभर’ हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. दादांची पिकअप डिझेलवर चालणारी, पंधरा-सोळा वर्षांची. निफाडची थंडी आपण बातम्यांत ऐकताच. त्याच थंडीत लाल कांदा निघतो. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवता येतो, भावाची वाट बघता येते. लाल कांद्याला तेवढा दम नाही. काढला की तो लवकर लासलगावला नेऊन लिलावात उभा करावा लागतो. आणि नेमकी त्याच दिवसांत पहाटे गाडी उठत नसे. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एक आवाज, मग ‘घर्रऽऽ घर्रऽ’ आणि सगळे गप्प.

यावर दादांनी जो तोडगा काढला तो आपल्यापैकी पुष्कळांनी काढलेला असेल. रात्री गाडी उतारावर लावायची. हँडब्रेक नावापुरताच, म्हणून चाकाखाली दगड. पहाटे दगड काढायचा, गाडी गडगडू द्यायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की इंजिन चालू. बाजारात पोचल्यावर ते बंद करायचेच नाही. लिलाव होईपर्यंत तासन् तास धडधडत ठेवायचे, डिझेल जळत राहायचे. दगड काढायचे काम माझ्या पुतण्याचे. तो तेव्हा सातवीत होता.

एका पहाटे गाडीत कांदा भरलेला होता. दादांनी हाक दिली, पोराने दगड ओढला. दवाने माती निसरडी झालेली. त्याचा पाय घसरला आणि तो चाकापुढेच बसला. गाडी हलली होती. दादांनी ब्रेक दाबला. पण इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करीत नाही. पेडल दगडासारखे घट्ट होते आणि सगळी ताकद माणसाच्या पायाची लागते. गाडी थांबली ती वीतभर पुढे जाऊन. पोराची चप्पल चाकाखाली गेली. पाय चार बोटांवर राहिला.

वहिनींनी ती चप्पल उचलून ओट्यावर ठेवली आणि त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी कांदा बाजारात गेला नाही. संध्याकाळी दादांचा मला फोन आला, ‘‘अरे, नवा सेल्फ बसवून टाकू. पैशाचं मागनं बघू.’’

रविवारी मी गेलो. तालुक्याच्या गावी गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे एक वयस्क चाचा आहेत, त्यांच्याकडे आम्ही गाडी नेली. नवा सेल्फ विकायची त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, ‘‘सर, आजारी कोण हाय ते आधी बघू. औषध मग देऊ.’’

ते काय बघत होते हे कळायला दोन गोष्टी समजल्या पाहिजेत. पहिली डिझेल इंजिनाची. या इंजिनात ठिणगी नसते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे सर्वांना ठाऊक आहे. हवा दाबली की तापते. डिझेलचे इंजिन हवेला साधारण विसाव्या हिश्श्याइतके दाबते. ती एवढी तापते, की तिच्यात उडवलेले डिझेल आपोआप पेटते. पण हे दाबणे झपाट्याने झाले तर. पंप अगदी हळू दाबला तर तो तापत नाही, तसेच येथेही आहे. इंजिन मंद फिरले तर हवेची ऊब थंडगार लोखंडात जिरून जाते आणि डिझेल पेटत नाही. म्हणजे सेल्फने इंजिन नुसते फिरवून भागत नाही, वेगाने फिरवावे लागते. त्यात थंडीने तेल घट्ट झालेले आणि बॅटरीही मंदावलेली. ज्या वेळी जोर जास्त हवा, त्याच वेळी तो कमी मिळतो.

दुसरी गोष्ट सेल्फची. त्याच्या डोक्यावर जी छोटी नळी दिसते ते सोलेनॉइड. किल्ली फिरवली की ते विजेने चुंबक बनते आणि दोन कामे करते : सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या दातेरी रिंगेत अडकवते आणि बॅटरीचा जाड प्रवाह मोटारीत सोडते. लहान चाकाला नऊ-दहा दाते, रिंगेला शंभराच्या वर. म्हणून मोटार दहा-बारा वेळा फिरते तेव्हा इंजिन एकदा फिरते. या कामाला सुमारे २०० अँपिअर प्रवाह लागतो, पहिल्या झटक्याला त्याहूनही पुष्कळ जास्त.

आता चाचांची तपासणी ऐका. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवली, दुसरी सेल्फच्या बोल्टवर, आणि दादांना किल्ली फिरवायला सांगितले. या जाड वायरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दाब हरवायला हवा. मीटरने १.४ व्होल्ट दाखवले. मग बॅटरीचा दुसरा खुंट आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये, म्हणजे अर्थिंगच्या वाटेवर, पाहिले. तेथे ०.८. दोन्ही मिळून २.२ व्होल्ट वाटेतच गळत होते. सेल्फ ओढत असताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट होते. सेल्फपर्यंत पोचत होते फक्त ८.२.

शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात जरूर मांडावे. २.२ व्होल्ट भागिले २०० अँपिअर म्हणजे ०.०११ ओहम. एका ओहमचा जेमतेम शंभरावा भाग! एवढा बारीक रोध घरातल्या दिव्याच्या वायरीत असला तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण २०० अँपिअरच्या वाटेवर तोच २.२ गुणिले २००, म्हणजे ४४० वॅट खाऊन टाकतो. किल्ली सोडल्यावर चाचांनी माझे बोट बॅटरीच्या टर्मिनलवर ठेवले. चटका बसला. ‘‘तुमचा जोर हितं चाललाय,’’ ते म्हणाले. पाटाच्या पाण्याचेही असेच असते. पंप चांगला असून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तेव्हा आपण आधी पाट कुठे फुटला ते पाहतो. पंप बदलत नाही.

अर्थिंगची पट्टी जेथे बसवली होती तेथे गंज आणि रंग होता. तो घासून लोखंड उघडे केले, पट्टी नवी घातली, दोन्ही वायरी जाड तांब्याच्या केल्या. गाडी उठली. पण दादांनी खरी पारख दुसऱ्या दिवशी पहाटे केली. उठली खरी, तरी इंजिन फिरताना अजून कण्हत होते.

तेव्हा चाचांनी सेल्फ उघडला. बुश झिजल्यामुळे आर्मेचर एका अंगाने घासत होते. ते पूर्वी दोनदा भरलेले होते आणि कार्बन जेथे टेकतात ती तांब्याची गोलाई कातून कातून पातळ झाली होती. आता मात्र बदलणे रास्त होते. बदलायचाच तर त्यांनी गिअरचा सेल्फ सुचवला.

तो पाहून दादांचा चेहरा पडला. जुन्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. ‘‘एवढंसं हे, हे काय डिझेलचं इंजिन फिरवणार?’’

यातली युक्ती आपण रसवंतीवर पाहतो. रस काढणारी मोटार केवढीशी असते! पण मध्ये चाके घालून तिचा वेग कमी केला, की तीच ऊस चिरडते. वेग देऊन जोर घ्यायचा, हा सौदा आहे. जुन्या सेल्फमध्ये मोटारीचा दांडा आणि पुढचे लहान चाक एकाच वेगाने फिरतात. गिअरच्या सेल्फमध्ये दोहोंच्या मध्ये आणखी दाते असतात, साधारण एकास चार या प्रमाणात. म्हणजे पूर्वी इंजिनाच्या एका फेऱ्याला मोटारीचे १२ फेरे होत असतील, तर आता ४८ होतात. मोटार वेगाने फिरते म्हणून ती लहान असूनही तेवढेच काम करते, आणि बॅटरीकडून बहुधा कमी प्रवाह मागते. ही कल्पना अगदी नवीही नाही; अमेरिकेत क्रायस्लरच्या गाड्यांवर असे सेल्फ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बसत होते.

मात्र जो मिळेल तो सेल्फ बसवता येत नाही. घेण्याआधी जुना सेल्फ सोबत न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. लहान चाकाचे दाते मोजावेत. संख्या आणि दात्याची जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. बोल्टची भोके, फिरण्याची दिशा, चाक किती पुढे येते ती खोली, आणि १२ व्होल्टचा की २४ व्होल्टचा, हेही पाहावे. दाते न जुळणारा सेल्फ इंजिनाची रिंग खाऊन टाकतो, आणि रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काम सुरू करताना गाडी सपाटीवर लावावी आणि बॅटरीची अर्थिंगची वायर सगळ्यांत आधी सोडावी. जोडताना ती सगळ्यांत शेवटी.

आणखी एक. सेल्फ अडला की त्यावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा, ही आपल्या जुन्या ड्रायव्हरांची सवय. तांब्याच्या कॉइलच्या जुन्या सेल्फला ते चालून जाई. गिअरच्या पुष्कळ सेल्फमध्ये कॉइलच्या जागी कायमचे चुंबक असतात. ते बशीसारखे ठिसूळ. एका ठोक्याने तडकतात.

आणि केटरिंगचा ‘क्षणभर’ विसरू नका. सेल्फ नवा असो की जुना, एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नये. नाही उठली तर मिनिटभर थांबावे. मोटारही निवते, बॅटरीही सावरते. थंडीत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत किल्ली पुढे फिरवू नये.

आता दादांची गाडी सपाट अंगणात उभी असते. आवाज बदलला आहे; घरघर जाऊन बारीक, तीक्ष्ण किणकिण येते. लासलगावला रांगेत उभे राहिल्यावर दादा इंजिन बंद करतात. पहिले काही दिवस त्यांचा हात किल्लीपाशी जाऊन परत येई. पुतण्या आता नववीत आहे. पहाटे उठून तो अभ्यासाला बसतो, निदान बसलेला दिसतो.

आपल्या गावात एखादी गाडी रोज उतारावर लागत असेल, तर तिच्या मालकाला एवढे सांगा, की आधी वायरी आणि अर्थिंग तपासून घे, मग सेल्फ उघड, मग लागला तर बदल. आणि हे सगळे होईपर्यंत दगड काढायला पोराला पाठवू नकोस.